अधोदिशेचे वंदन
(परदेशी घरकामगाराला निरोप देताना)



राजगृहाचा सिगाल हा गृहपतिपुत्र रोज पहाटे ओल्या वस्त्रांनिशी सहा दिशांना हात जोडीत असे. का जोडतोस, तर वडिलांनी मरताना सांगितले म्हणून! तथागतांनी त्याला समजावले, की दिशा म्हणजे आकाशाचे कोपरे नव्हेत. आपल्याभोवतीची माणसे म्हणजेच दिशा. आईवडील पूर्व, गुरुजन दक्षिण, पत्नी व मुले पश्चिम, मित्र उत्तर, श्रमण वरची दिशा. आणि घरात राबणारे नोकरचाकर ही खालची, अधोदिशा. शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे, वेळच्या वेळी सुट्टी द्यावी, ही मालकाची पाच कर्तव्ये दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात आहेत. मन लावून काम करणे आणि न दिलेले न घेणे, अशी कामगाराचीही पाच कर्तव्ये तेथेच आहेत.

आज हे सांगण्याचे कारण आहे. आपली शिकलेली मुले-मुली नोकरीनिमित्त हाँगकाँग, सिंगापूर, दुबईला जातात. नवराबायको दोघेही कामावर जाणारी, म्हणून घरी राहणारी बाई ठेवतात. ठेवताना सारेच गोड बोलतात. धम्माची परीक्षा होते ती तिला काढताना!

हाँगकाँगचेच उदाहरण घ्या. तेथे तीन लाखांहून अधिक परदेशी घरकामगार आहेत. बहुतेक फिलिपीन्स व इंडोनेशियाच्या स्त्रिया. काही आपल्या भारतातल्याही. करार दोन वर्षांचा असतो आणि कामगाराने मालकाच्याच घरात राहायचे असते. करार मुदतीपूर्वी तुटला, तर 1987 पासूनच्या नियमाप्रमाणे तिला साधारणतः दोन आठवड्यांत देश सोडावा लागतो. म्हणजे एका शब्दासरशी तिचे काम जाते, डोक्यावरचे छप्पर जाते आणि देशही सुटतो. मागे मुलांची शाळा आणि दलालाचे कर्ज तिची वाट पाहत असते. हा शब्द उच्चारण्यापूर्वी बौद्ध माणसाने दहा वेळा विचार करावा.

तेथील कायदा काय सांगतो? दोघांपैकी कोणालाही करार मोडायचा असेल, तर एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी, नाहीतर महिन्याचा पगार द्यावा. राहिलेला पगार आणि शिल्लक रजेचा पैसा सात दिवसांच्या आत चुकता करावा. गावी परतण्याचे भाडे आणि वाटखर्च मालकाने द्यावा. करार संपल्याची लेखी खबर दोघांनीही सात दिवसांत इमिग्रेशन खात्याला द्यावी. सलग दोन वर्षे काम झाले आणि आता घरात तिची गरजच उरली नाही म्हणून काढले, तर भरपाई द्यावी लागते. पाच वर्षे सेवा झालेल्या बाईला गंभीर दोष नसताना काढले, तर दीर्घ सेवेची रक्कम द्यावी लागते. या दोहोंपैकी एकच मिळते. हिशेब दर वर्षामागे महिन्याच्या पगाराचा दोन-तृतीयांश. गरोदरपणाची सूचना दिलेल्या बाईला किंवा पगारी आजारपणाच्या रजेवर असलेल्या बाईला काढता येत नाही. नोटिशीवाचून काढता येते, पण ते चोरी-लबाडीसारख्या गंभीर दोषासाठीच. भाजी खारट झाली, हा तसला दोष नव्हे!

उपासकांनो, आता हा कायदा पंचशीलाशेजारी ठेवून पाहा. चढलेला पगार दाबून ठेवणे म्हणजे काय? जे आपले नाही ते घेणे. तो दुसऱ्या शीलाचा भंग होय. महिन्याचा पगार वाचावा म्हणून बाईवर चोरीचा आळ घेणे, न दिलेल्या पैशाच्या पावतीवर तिची सही घेणे म्हणजे काय? तो चौथ्या शीलाचा भंग होय. सकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील म्हणावे आणि दुपारी स्वयंपाकघरात ते मोडावे, याला उपासना कसे म्हणावे? तसली उपासना सिगालाच्या ओल्या वस्त्रांसारखीच कोरडी!

आणि एक गोष्ट आपण तरी विसरू नये. आपल्या वाडवडिलांनी गावकीची कामे रात्रंदिवस केली. कामाला वेळ नव्हती, मोबदला गावाच्या मर्जीवर होता. त्या वतनी गुलामगिरीविरुद्ध परमपूज्य बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढे 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. भीक आणि हक्क यांतला फरक त्यांनी आपल्याला शिकवला. तो फरक आपण मालक झाल्याबरोबर विसरलो, तर आपण पुढे गेलो असे कोण म्हणेल?

म्हणून परदेशी असलेल्या आपल्या लेकी-सुनांना, मुला-जावयांना पत्र लिहाल, फोन कराल, तेव्हा हे सांगा: बाईला काढायचेच असेल तर खरे कारण सांगा. हिशेब तिच्या समोर बसून करा, तिला कळेल अशा भाषेत करा. तिचा पासपोर्ट तिच्याच हाती असू द्या. तिकीट देताना उपकाराची भाषा नको, कारण ते तिच्या हक्काचे आहे. कायद्याने सांगितले ते देणे हे केवळ कर्जफेड आहे. त्यापुढचा गोड शब्द, तिच्या मुलांसाठी दिलेला खाऊ, नवे काम मिळावे म्हणून लिहिलेली खरी शिफारस, ही मैत्री होय.

ज्या घरातून कामगार रडत नव्हे, ताठ मानेने बाहेर पडतो, त्या घराने अधोदिशेला खरे वंदन केले.

भवतु सब्ब मंगलम्.