ताप न येण्याचं भय

जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या बोलीत प्लेगचं नाव ‘पिलोक’. त्यांच्या ओंकार या मुलाला या रोगाने कायमचं अपंगत्व दिलं. १८९६ साली मुंबईत प्रकटलेली साथ रेल्वेने, धान्याच्या पोत्यांबरोबर आत सरकत गेली. उंदीर पडू लागले की माणसं घरांना कुलपं घालून गावाबाहेर झोपड्या टाकत. गावाला निदान मेलेल्या उंदरांची तरी सूचना होती. शरीराला तीही मिळत नसे, आणि या रोगाचं खरं भय मला तिथे वाटतं.

एरवी जंतू आत शिरला की फार वेळ लपून राहत नाही. कातडीखाली, फुप्फुसात, यकृतात भक्षकपेशी बसलेल्या असतात. अनेक जंतूंच्या बाहेरच्या आवरणात मेदाच्या शेपट्या असलेला एक रेणू असतो. पेशीवरचा टीएलआर-४ हा ग्राहक तो ओळखतो. तासाभरात केंद्रकातली जनुकं जागी होतात आणि पेशी सायटोकाइन नावाची प्रथिनं बाहेर सोडू लागते. ही गावभर पिटलेली दवंडीच. त्यातलं टीएनएफ जवळच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर चिकट आणि सैल करतं, म्हणजे रक्तातून वाहत जाणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे थांबून बाहेर पडतात. इंटरल्यूकिन-१ आणि ६ यांचा निरोप मेंदूपर्यंत जातो, अंग तापतं, अन्नावरची वासना उडते. ज्याला आपण आजार म्हणतो, त्यातला मोठा भाग हा आपल्याच पेशींचा बोलण्याचा आवाज असतो. ताप उतरवण्याची घाई करताना हे सहसा कुणाच्या मनात येत नाही.

प्लेगचा जंतू हे बोलणंच बंद पाडतो. पिसवेच्या पोटात, पंचवीसेक अंश सेल्सिअसला, त्याच्या आवरणातल्या त्या रेणूला प्रामुख्याने सहा शेपट्या असतात. माणसाच्या सदतीस अंशांच्या रक्तात आला की तो चारच शेपट्यांचा रेणू बनवू लागतो, आणि चार शेपट्या आपल्या ग्राहकाला जवळजवळ ओळखूच येत नाहीत. एवढ्यावर तो थांबत नाही. सुईसारख्या नळीतून तो स्वतःची प्रथिनं भक्षकपेशीत टोचतो. त्यातलं यॉप-जे निरोप पुढे नेणाऱ्या साखळीचे दुवेच निकामी करतं. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या फुप्फुसात हा जंतू सोडला तर पहिला दीडेक दिवस सूज म्हणून दिसत नाही. जंतू तेवढ्यात बेसुमार वाढतो. मग निरोपांचा लोंढा सुटतो, पण आता तो सगळीकडून एकदम येतो. रक्तवाहिन्या गळू लागतात, रक्तदाब कोसळतो, आणि रक्षणासाठी घडलेली तीच प्रथिनं जीव घेण्यात सामील होतात.

२००६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या संशोधकांनी या जंतूत दुसऱ्या जंतूचं एक जनुक घातलं, म्हणजे सदतीस अंशांनाही तो सहा शेपट्यांचाच रेणू बनवील. बाकी सारी हत्यारं त्याच्याकडे होती. तरीही उंदरांना तो मारू शकला नाही. शरीराकडे प्रतिकाराची ताकद पहिल्यापासून होती, तिला वेळेवर हाक मिळत नव्हती. ओंकारसारख्या असंख्य मुलांच्या बाबतीत हे आठवलं की मन फार खिन्न होतं.

या प्रथिनांची नावं जगाला ठाऊक होण्याच्या कितीतरी आधी, वाल्डेमार हाफकिन मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तूप तरंगणाऱ्या मांसरसात हाच जंतू वाढवत होते. उष्णतेने मारलेल्या या जंतूंची लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. मेलेल्या जंतूला कुणाच्या पेशीत काही टोचता येत नाही, त्यामुळे भक्षकपेशींचं तोंड मोकळं राहतं. लस घेतलेल्याचं अंग तापे, हात सुजे, आणि लोक याच तापाला भिऊन लस नाकारत. हाफकिन मात्र मात्रा पुरेशी झाली की नाही, हे त्या तापाकडे पाहूनच जोखत.