योगमार्ग अनेक, कसोटी एक

भारतीय अध्यात्मपरंपरेत 'योग' या शब्दास अनन्यसाधारण महत्त्व आहे. आज हा शब्द उच्चारताच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आसने व प्राणायाम येतात. इ. स. २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून जगभर साजरा होतो, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि पतंजली मुनींच्या अष्टांगयोगात आसन हे तिसरे अंग आहे. त्यापूर्वी यम आणि नियम येतात, आणि यमांमध्ये पहिले स्थान अहिंसेस आहे. देह स्थिर करण्याआधी आचरण शुद्ध असावे, असा या क्रमाचा अर्थ आहे.

मार्ग आणि साध्य

शास्त्रांनी योगाचे अनेक मार्ग सांगितले आहेत. पातंजल योगात, म्हणजेच राजयोगात, चित्ताच्या वृत्ती शांत करून द्रष्ट्याने स्वस्वरूपी स्थिर व्हावे, हे साध्य आहे. त्यास कैवल्य म्हणतात. हठयोग देह व प्राण यांच्या द्वारे साधना करतो; परंतु 'हठप्रदीपिका'कार स्वात्मारामांनी त्यास राजयोगाकडे नेणारी पायरीच मानले आहे. ज्ञानयोग विवेकाने आत्मस्वरूप जाणून घेतो. कर्मयोग फलाची आसक्ती सोडून विहित कर्म करण्यास सांगतो व त्यातून चित्तशुद्धी साधतो. भक्तियोगाचे साध्य भगवत्प्रेम हेच होय. म्हणूनच तुकाराम महाराजांसारखा भक्त मोक्षही बाजूस सारून भक्तीसाठी पुन्हा जन्म मागतो.

श्रेष्ठ मार्ग कोणता?

मार्ग अनेक असल्यामुळे साधक संभ्रमात पडतो. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायाच्या प्रारंभी अर्जुनाने हाच प्रश्न विचारला आहे. त्यावर थोर आचार्यांतही मतभेद झाले. आद्य शंकराचार्यांनी गीतेचे तात्पर्य ज्ञानात पाहिले, तर लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या कारागृहात लिहिलेल्या व १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्य' ग्रंथात ते कर्मयोगपर असल्याचे प्रतिपादन केले.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात भगवंतांनी उद्धवास याचे अत्यंत समंजस उत्तर दिले आहे. ज्याचे मन विषयांपासून खरोखर विटले आहे, त्याच्यासाठी ज्ञानयोग. ज्याच्या वासना अद्याप शिल्लक आहेत, त्याच्यासाठी कर्मयोग. आणि जो पूर्ण विरक्तही नाही व अति आसक्तही नाही, परंतु ज्यास भगवत्कथेची गोडी लागली आहे, त्याच्यासाठी भक्तियोग. येथे अधिकार ठरतो तो मनाच्या अवस्थेवरून. याच स्कंधावर संत एकनाथ महाराजांनी मराठीत विस्तृत टीका लिहिली व ती १५७३ मध्ये काशीक्षेत्री पूर्ण केली. नाथ महाराज स्वतः गृहस्थाश्रमी होते, हे प्रापंचिक भाविकांनी अवश्य ध्यानी घ्यावे.

त्याग की पलायन?

आपल्या मनाची अवस्था ओळखणे मात्र सोपे नाही. कुरुक्षेत्रावर अर्जुनही युद्ध सोडून भिक्षा मागून जगण्यास सिद्ध झाला होता. वरवर पाहता ते वैराग्य होते. परंतु त्याच्या मुळाशी शोक आणि मोह होता, म्हणून भगवंतांनी ते मान्य केले नाही. घरी वृद्ध माता-पिता रुग्णशय्येवर असता त्यांस एकाकी ठेवून जो ध्यानधारणेस एकांत शोधतो, त्याने आपला त्याग कोणत्या प्रकारचा आहे, हे प्रामाणिकपणे तपासावे. भक्त पुंडलिकाच्या कथेत प्रत्यक्ष भगवंत दारी आले असताही त्याने मातापित्यांची सेवा थांबविली नाही. देवास उभे राहण्यास वीट दिली. त्या सेवेतच त्याचा योग सिद्ध झाला होता.

याउलट, कर्तव्याच्या नावाखाली प्रपंचातच गुरफटून राहणे म्हणजेही कर्मयोग नव्हे. 'माझ्यावाचून काहीच चालत नाही' हा भाव जेथे आहे, तेथे कर्म आहे, परंतु योग नाही.

कसोटी

ज्या-त्या मार्गाची खरी कसोटी एकच आहे, ती म्हणजे अहंकाराचा क्षय. परंपरेने सांगितलेली चांगदेवांची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. योगबळाने दीर्घायुष्य लाभलेल्या या महायोग्याने ज्ञानेश्वर महाराजांना कोरे पत्र पाठविले. वयाने लहान अशा ज्ञानदेवांना आशीर्वाद लिहावा की नमस्कार, हे त्यांस ठरविता आले नाही. सिद्धी होत्या, परंतु 'मी थोर' ही जाणीव गेली नव्हती. त्या पत्रास ज्ञानेश्वर महाराजांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले. तीच 'चांगदेव पासष्टी' होय. पुढे याच चांगदेवांनी वयाने लहान असलेल्या मुक्ताबाईंचे शिष्यत्व पत्करले, आणि तेथेच त्यांचा योग पूर्णत्वास गेला. ज्ञानेश्वर महाराज स्वतः नाथपंथाच्या योगपरंपरेतील असून त्यांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीयोगाचे सविस्तर वर्णन केले आहे. तरीही सर्वसामान्यांच्या हाती त्यांनी भक्तीचा सुलभ मार्ग दिला.

म्हणून तीर्थयात्रेस आलेल्या भाविकाने दुसऱ्याचा मार्ग उच्च की आपला, या वादात पडू नये. दर्शन घेऊन घरी परतल्यावर क्रोध किंचित उणा झाला का, हातून घडलेल्या सेवेची वाच्यता टळली का, घरातील दुर्बळाचे दुःख आधी दिसू लागले का, एवढे पाहावे. उत्तर होकारार्थी येत असेल, तर मार्ग कोणताही असो, पाऊल योग्य दिशेने पडत आहे, असे समजावे.