उगाळायची की ओतायची?

विदर्भातल्या मौद्याहून कामठी काही फार लांब नाही. जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीनं तिथं उभं राहिलेलं ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार १९९९ मध्ये खुलं झालं, तेव्हापासून या भागाला जपान अगदीच परका राहिलेला नाही. उद्या इथल्या एखाद्या मुलीनं जपानी सुलेखन शिकायचं मनावर घेतलं, तर कुंचला हाती येण्याआधीच तिच्यापुढे प्रश्न येईल: शाईची वडी उगाळायची की बाटलीतली शाई ओतायची?

वडीच्या बाजूनं बोलणारे पुष्कळ. दगडावर चार थेंब पाणी घ्यायचं आणि सहाणेवर चंदन उगाळावं तशी ती सावकाश उगाळायची. त्यानं मन स्थिर होतं म्हणतात. होत असेलही, पण हे सांगणाऱ्यांकडे वेळ मुबलक असतो, हेही लक्षात घ्यावं. जपानात १८९८ मध्ये काइमेई ही बाटलीतली शाई निघाली, ती एका मास्तरानं काढली. वर्गात पोरांचा वेळ उगाळण्यातच जात होता. त्या पोरांना साधनेपेक्षा अक्षर हवं होतं.

आपल्याकडची वाटही निराळी नव्हती. दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत धंदा सुरू केला तो ‘हॉर्स ब्रँड’ शाईच्या पुडीचा आणि वड्यांचा. बाटल्या नंतर आल्या. तीच पुढची कॅम्लिन. २०११ मध्ये तिच्यात मोठा हिस्सा घेतला तो ओसाकाच्या कोकुयो कंपनीनं! सोयीची हाव कोणत्याही एका देशाची नसते.

शाईचा खरा तिढा मात्र काळ्या रंगात नाही, तो धरून ठेवणाऱ्या चिकट पदार्थात आहे. मौद्याच्या २३२० मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या पाहून वाटेल, काळ्याला इथं काय तोटा! पण त्या भट्टीत कोळसा जवळजवळ पुरता जळतो आणि उरते ती करडी राख. शाईला लागते अर्धवट जळल्याची काजळी, तेलाच्या दिव्यावर किंवा पाइनच्या लाकडाच्या धुरातून धरलेली. ती जपानी लोक जनावराच्या हाडाकातड्याच्या सरसात मळतात. सरस उकाड्यात नासतो, म्हणून १५७७ पासून चालत आलेल्या नारा शहरातल्या कोबाइएनसारख्या ठिकाणी वड्या थंडीतच करतात. आपल्या पोथ्यांच्या काळ्या शाईत काजळाबरोबर बाभळीचा डिंक असे. तो उकाड्यात सरसाइतका लवकर नासत नाही.

विदर्भातल्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला भिडतो. तिथं उगाळलेली शाई दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नये. वास सुटतो, काळेपणाही फुटतो. बाटलीत एकतर सरसाला टिकवणारी औषधं असतात, नाहीतर सरसाऐवजी कृत्रिम राळ. राळेची शाई नासत नाही, पण कुंचल्यात वाळली तर केस असे चिकटतात की धुऊन सुटत नाहीत. सोयीचा खर्च तिथं वसूल होतो.

तरी माझा कल रोजच्या सरावाला बाटलीकडेच आहे. शंभर कागद खराब करायचे तर उगाळत बसणं म्हणजे हाताचा दम अक्षराआधीच घालवणं. फक्त एक गोष्ट बाटली देत नाही. उगाळताना पाणी किती, फेरे किती यावर काळ्याच्या छटा ठरतात: एका रेघेत गडद, पुढच्या रेघेत धुरकट. बाटलीत पाणी घालून शाई पातळ होते खरी, पण किती काळं हवं हा निर्णय आधीच कारखान्यात झालेला असतो. ज्या दिवशी एखादं अक्षर भिंतीवर लावायचं ठरेल, त्या दिवशी त्या मुलीनं वडी काढावी; उन्हाळा असेल तर सकाळी, आणि त्याच बैठकीत संपेल एवढीच उगाळावी.