नटाची सोय आणि शकुंतलेची भाषा

एखादें अभिजात नाटक रंगभूमीवर आणावयाचें ठरलें म्हणजे मंडळींपुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो पुस्तकाचा. एकाच नाटकाच्या अनेक आवृत्त्या मिळतात. त्यांपैकीं नटांच्या हातीं कोणती द्यावी? 'जी सर्वांत सोपी असेल ती', हें उत्तर बहुधा तत्काळ मिळतें व त्यावर कोणी वाद घालीत नाहीं. आमच्या मतें वादाला जागा आहे ती येथेंच. सोपी म्हणजे कोणाला सोपी, आणि त्या सोपेपणाचें मोल कोणी द्यावयाचें, या प्रश्नाला सोयीइतकीच न्यायाचीहि बाजू आहे. कालिदासाचें 'अभिज्ञानशाकुंतल' आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचें आहे. त्याच्याच आधारें आम्ही या प्रश्नाचा थोडा विचार करणार आहों.

शाकुंतल हें संस्कृत नाटक म्हणून ओळखलें जातें. तथापि त्यांतील सर्व पात्रें संस्कृत बोलत नाहींत. दुष्यंत, कण्व व कण्वाचे शिष्य संस्कृत बोलतात. शकुंतला, तिच्या सख्या, वृद्ध गौतमी, इतकेंच नव्हे तर जातीनें ब्राह्मण असलेला विदूषकहि प्राकृत बोलतो. त्या प्राकृतांतहि पुन्हा भेद आहेत. स्त्रियांचें संभाषण शौरसेनींत चालतें. हंसपदिकेचें गीत महाराष्ट्रींत आहे, आणि त्या भाषेशीं आपल्या मराठीचें जवळचें नातें आहे. सहाव्या अंकांतील कोळी मागधी बोलतो, जींत 'र'चा 'ल' व 'स'चा 'श' होतो. कोणत्या पात्रानें कोणती भाषा बोलावी याचा विचार भरताच्या नाट्यशास्त्रांतहि केलेला आहे. पुढें प्राकृताचा परिचय तुटत गेला, तेव्हां पंडितांनीं प्राकृत वाक्यांना संस्कृत प्रतिरूपें जोडलीं. त्यांस 'छाया' म्हणतात. छापील आवृत्त्यांतून मूळ प्राकृत व छाया हीं दोन्ही बहुधा असतात. पण छायाच वाचावयाची व मूळ ओलांडून पुढें जावयाचें, हा प्रघात विद्यार्थ्यांना चांगला ठाऊक आहे. नटहि त्याच वाटेनें जातो. प्राकृत अजिबात गाळून पात्रांच्या मुखीं छायाच घालणारें पुस्तक मिळालें, तर तें त्याला सर्वांत सुलभ वाटतें.

या नटाची बाजू तुच्छ लेखण्यासारखी नाहीं. राज्य शासनाच्या नाट्यस्पर्धांत संस्कृत नाटकांनाहि स्थान आहे. त्यांत भाग घेणारीं मुलें आपला अभ्यास सांभाळून तालमी करतात. संस्कृत त्यांना शाळेंत थोडेंफार शिकविलेलें असतें; प्राकृताचें अक्षरहि शिकविलेलें नसतें. प्रेक्षकांची स्थितीहि तीच. जें बोलणाऱ्याला कळत नाहीं व ऐकणाऱ्याला उमजत नाहीं, तें केवळ जुनें म्हणून पाठ करावयाचें काय, असें त्यांनीं विचारलें तर तो प्रश्न रास्तच म्हटला पाहिजे.

परंतु या युक्तिवादांत एक चमत्कारिक गोष्ट आहे. नाटकांतील प्राकृत साहित्यिक वळणाचें असलें तरी त्या काळीं तें संस्कृतापेक्षां लोकांच्या बोलीला जवळचें होतें. संस्कृत ही शिकून मिळवावयाची भाषा होती. आज क्रम उलटला आहे. बोलीजवळचें होतें तें दुर्बोध झालें, आणि त्याचा अर्थ कळावा म्हणून आपण संस्कृताकडे धांवतों. याचें कारण भाषेंत शोधावयास नको. आपल्या शिक्षणानें एकीला जागा दिली, दुसरीला दिली नाहीं. ज्याला आपण सोपें म्हणतों, तें पुष्कळदां आपल्या शाळेंत शिकविलेलें, एवढेंच असतें.

आतां या सोयीनें काय हरपतें तें पाहूं. चौथ्या अंकांत कण्वानें ऐकलेली अशरीरिणी वाणी प्रियंवदा अनसूयेला सांगते. तेथें कवीची स्पष्ट सूचना आहे कीं, तिनें संस्कृताचा आश्रय करून बोलावें. क्षणभर एक आश्रमकन्या आपली नित्याची भाषा सोडून देववाणीला साजेल अशा भाषेंत उच्चार करते. ती पहिल्यापासूनच छायेंत बोलत आली असेल, तर ही सूचना निरर्थक ठरते, आणि आवाजांत पालट कां व कोठें करावयाचा हें नटीला कधींच कळणार नाहीं.

पाचव्या अंकांत ही हानि अधिक गंभीर होते. भर राजसभेंत शकुंतला दुष्यंताला 'अज्जउत्त' म्हणूं लागते, अर्ध्यावर थांबते, आणि विवाहाचाच संशय घेतला जात असतां हें संबोधन शोभत नाहीं असें मनाशीं म्हणून त्याला 'पोरव' अशी हांक मारते. पुढें राजा सुघड संस्कृत श्लोकांतून स्त्रियांच्या उपजत धूर्तपणावर ठपका ठेवतो, आणि ती प्राकृत गद्यांत त्याला 'अणज्ज' म्हणते. छायेंत या शब्दांचा अर्थ राहतो. पण त्या दोघांमधील अंतर नाहींसें होतें. एकाच्या बाजूला सत्तेची व विद्येची भाषा आहे, दुसरीच्या बाजूला घरची. ती ज्या एकटेपणानें उभी आहे, तो तिच्या वाणींतच ऐकूं येतो.

यावर एक भारदस्त आक्षेप येतो. स्त्रियांना व हलक्या मानलेल्या लोकांना संस्कृत न देण्यांत जुन्या समाजाची विषमता दिसते. ती रंगभूमीवर पुन्हा कां मिरवावी? सर्वांना एक भाषा दिली तर अन्यायाचें परिमार्जन होणार नाहीं काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. अन्यायाची खूण पुसल्यानें अन्याय पुसला जात नाहीं. तो दिसेनासा मात्र होतो. शिवाय कालिदासानें या व्यवस्थेच्या आंत राहून काय केलें आहे तें लक्षांत घेण्यासारखें आहे. राजसभेंत संस्कृत बोलणारा राजा शापामुळें कां होईना चुकत आहे, आणि प्राकृत बोलणारी शकुंतला खरें बोलत आहे. हरवलेली अंगठी परत येते तीहि मागधी बोलणाऱ्या कोळ्याच्या हातून. रक्षक त्याला चोर ठरवितात, त्याच्या धंद्याची थट्टा करतात, आणि तो आपल्या पिढीजात धंद्याची बाजू ठामपणें मांडतो. नाटकांतील सत्य दोन वेळां प्राकृत मुखांतून येतें व दोन्ही वेळां त्यावर प्रथम अविश्वास दाखविला जातो. या दोघांना छाया बोलावयास लावणें म्हणजे त्यांची साक्ष दुसऱ्यानें लिहून देण्यासारखें आहे.

मग भाषांतर हाहि अपराधच काय? मुळींच नाहीं. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'संगीत शाकुंतला'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले, तेव्हां शकुंतला मराठी बोलूं लागली व महाराष्ट्रानें तिला आपली मानली. तो रूपांतराचा उघड व्यवहार होता. तें नाटक किर्लोस्करांच्याच नांवानें चाललें. नाटक मूळ म्हणून पुढें करावयाचें आणि त्यांतील निम्म्या पात्रांची वाणी मुकाट्यानें बदलावयाची, हा व्यवहार निराळा. हाच नियम संहितेच्या परंपरांनाहि लागू पडतो. सर विल्यम जोन्सनें १७८९ मध्यें इंग्रजी भाषांतर केलें तें बंगाली परंपरेच्या संहितेवरून. आपल्याकडे रूढ आहे ती देवनागरी परंपरा. बंगाली परंपरेंत तिसरा अंक बराच विस्तृत आहे. यांपैकीं कोणतीहि घ्यावी. पण कोणती घेतली तें संपादकानें सांगितलें पाहिजे, नाहीं तर दोन नट दोन पुस्तकें घेऊन तालमीस येतील व दोघेहि बरोबर असतील.

तेव्हां नटासाठीं आवृत्ति निवडतांना आम्ही पुढील कसोट्या सुचवितों. प्राकृत मुख्य ओळींत, संस्कृताइतक्याच ठळक टाइपांत छापलेलें असावें. छाया तळाशीं असावी. श्लोकांचा अन्वय व सरळ मराठी अर्थ जवळच मिळावा. परीक्षेच्या उपयोगाच्या व्याकरणटीपांपेक्षां उच्चार, यति व रंगसूचना यांची माहिती अधिक असावी. प्रयोगासाठीं काटछांट करावी लागतेच. ती दिग्दर्शकानें पेन्सिलीनें करावी, म्हणजे काय गाळलें तें सर्वांना दिसत राहील. अशा पुस्तकावरून शकुंतलेचें भाषण पाठ करावयास मुलीला कदाचित् पंधरा दिवस अधिक लागतील. प्रेक्षकांसाठीं सुरुवातीला चार शब्दांचें निवेदनहि करावें लागेल. एवढा भार कोणालाहि पेलण्यासारखा आहे. सुलभतेनें वाचकाला मुळापर्यंत नेऊन पोंचवावें, हेंच तिचें काम. नटानें आपला हा श्रम वांचविला तर त्याचें मोल शकुंतलेला द्यावें लागतें. आणि भरसभेंत तिचें म्हणणें न ऐकणारा एक दुष्यंत त्या नाटकांत आधींच आहे.