झगा आणि माणूस

दुसऱ्याची श्रद्धा खरी की खोटी, हे आम्ही बाहेरून कशाच्या आधारे ठरवावे? फ्रान्झ लिस्टचे चरित्र वाचताना हा प्रश्न आम्हांला वारंवार अडवतो. १८११ साली हंगेरीतील रायडिंग गावी जन्मलेल्या या पियानोवादकाने युरोपला वेड लावले. कवी हाइनेने १८४४ साली त्या वेडाला ‘लिस्टोमेनिया’ असे नावच दिले. काउंटेस मारी दागू या विवाहितेपासून त्याला तीन अपत्ये झाली. लोकांना एवढे पुरेसे होते.

पुढे १८६५ साली रोममध्ये त्याने चार गौण दीक्षा घेतल्या आणि काळा झगा अंगावर चढवला. (या दीक्षा ख्रिस्तसभेने १९७२ साली बंद केल्या, त्यामुळे तरुण वाचकांना त्या ठाऊक नसतील.) त्यांत मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार नव्हता, ब्रह्मचर्याचे बंधनही नव्हते. मग काय, नटाने आणखी एक पोशाख चढवला, असे म्हणून टीकाकार मोकळे झाले.

आम्हांलाही तसे म्हणण्याचा मोह होतो. परंतु वडील वारल्यावर, पॅरिसमध्ये कोवळ्या वयातच त्याने सेमिनरीत जाण्याचा हट्ट धरला होता. आईने व पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी त्याला परावृत्त केले. ऐन कीर्तीत, १८४७ साली, पस्तिसाव्या वर्षी त्याने पैशासाठी जलसे करणे सोडले. १८५९ साली मुलगा दानिएल गेला, १८६२ साली मुलगी ब्लांदीन. या दोन मृत्यूंच्या मध्ये, १८६१ साली, प्रिन्सेस कॅरोलिनशी ठरलेला विवाह रोममध्ये आदल्या दिवशी मोडला. १८६३ साली तो मोन्ते मारिओवरील मठात राहावयास गेला. एवढे सोसलेल्या माणसाला आम्ही ढोंगी कोणत्या तोंडाने म्हणावे?

झगा घातल्यावरही तो मेजवान्यांत रमला, स्त्रियांच्या घोळक्यात वावरला, हे आम्ही नाकारीत नाही. माणूस पालटला की त्याचे सगळे दुबळेपण त्याच दिवशी गळून पडावे, ही अपेक्षा आम्ही स्वतःकडून कितीशी बाळगतो? पापनिवेदनाच्या रांगेत आम्ही तीच तीच पापे घेऊन उभे असतो.

उतारवयात, १८७९ साली, त्याने ‘क्रुसाची वाट’ संगीतबद्ध केली. गायकवृंद, ऑर्गन, आणि अत्यंत मोजके सूर; ज्या बोटांनी सभागृहे हादरवली, त्यांना येथे दाखविण्यासारखे काहीच ठेवलेले नाही. प्रकाशकाने ती रचना नाकारली. १८८६ साली तो वारला. ती प्रथम गायिली गेली ती १९२९ सालच्या शुभ शुक्रवारी, बुडापेस्टमध्ये.