घास आणि आग्रह

आग्रह हे मराठी पंक्तीचे भूषण मानले जाते. जिलबी घेऊन उभा राहिलेला वाढपी आणि ताटावर हात आडवा धरणारा पाहुणा हे दृश्य आपल्या चांगल्या परिचयाचे आहे. तेथे दोघेही प्रौढ असतात आणि नकार देण्याचा पाहुण्याचा हक्क शाबूत असतो. आता त्याच ताटासमोर तीन वर्षांचे मूल बसले आहे आणि पालकाची भाजी बाजूला सारत आहे, अशी कल्पना करावी. त्याला ती खायला लावावी काय? लावावी तर कोणत्या मर्यादेपर्यंत? आणि हा अधिकार आपल्याला कोणी दिला? प्रश्न दिसायला घरगुती आहे. परंतु ज्या काळात असंख्य मुलांचे निदान एक जेवण आईच्या नजरेआड, अंगणवाडीत किंवा पाळणाघरात होते, त्या काळात तो नीतीचा प्रश्न ठरतो.

'अंगणवाडी' ही संकल्पना मराठी मनातून उगवली, याचा आम्हां हैदराबादकर मराठी माणसांना थोडा अभिमान वाटतो. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. मुलाने संस्थेशी जुळवून घेण्याआधी संस्थेने मुलाशी जुळवून घ्यावे, हा त्यामागचा विचार होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. नावाबरोबर तो विचार किती दूर गेला, हे मात्र तपासून पाहण्याजोगे आहे.

अन्नाच्या बाबतीत कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने तीन ते सहा वर्षांच्या बालकास ५०० कॅलरी व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने देणारा आहार मिळण्याचा हक्क दिला. आम्ही आयुष्याची बरीच वर्षे शासकीय सेवेत काढली असल्याने या आकड्यांचे मोल जाणतो. आकडा नसेल तर जाब कोणाला विचारणार? तथापि, या कायद्याने वाढणाऱ्याला बांधले आहे, खाणाऱ्याला नाही, ही गोष्ट विसरली जाते. ताटात पडलेले अन्न आणि पोटात गेलेले अन्न यांमध्ये मुलाची इच्छा उभी असते. कोणत्याही साठा-नोंदवहीत तिच्यासाठी रकाना नसतो.

मग मुलाला त्याच्या इच्छेवर सोडावे काय? अमेरिकेतील डॉ. क्लारा डेव्हिस यांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात नेमका हाच प्रयोग आरंभिला. नुकत्याच दूध सोडलेल्या बालकांपुढे त्यांनी नाना पदार्थ मांडले आणि कोणी काहीही न सुचवता त्यांना हवे ते, हवे तितके खाऊ दिले. मुले सुदृढ वाढली. यावरून 'मुलाचे शरीर सारे जाणते' असा निष्कर्ष अनेकांनी काढला. पण डेव्हिसबाईंनी स्वतःच खरी मेख सांगून ठेवली होती. मांडलेले ३४ पदार्थ साधे, नैसर्गिक होते. त्यांत साखर किंवा मिठाई नव्हती. मुलाचे स्वातंत्र्य खरे होते, पण त्या स्वातंत्र्याचे अंगण मोठ्यांनी आधी झाडून ठेवले होते.

आमच्या मते, या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. काय वाढायचे, केव्हा आणि कोठे, हे ठरविणे मोठ्यांचे कर्तव्य. किती खायचे, किंबहुना खायचे की नाही, हे ठरविणे मुलाचे. ही वाटणी मान्य केली की दोष मुलाच्या जिभेवरून उठून आपल्या स्वयंपाकघरावर येतो. तेलंगणात तीन वर्षांखालील बालकांना घरी नेण्यासाठी 'बालामृतम्' दिले जाते. गहू, हरभऱ्याची डाळ, दूधभुकटी आणि तेल यांबरोबर त्यात साखरही असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना साखर घातलेले पदार्थ देऊ नयेत, असे सुचविले. गरीब घरातील बाळाला ऊर्जा मिळावी हा बालामृतम् देण्यामागचा हेतू निर्मळ आहे. पण गोडाची चटक लावायची आणि पुढे त्याच मुलाने भाजी नाकारली की रागवायचे, हा न्याय नव्हे.

आपल्याच शहरातील तारनाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार पूर्वी दाखवून दिले होते की आपल्या कुपोषित मुलांची पहिली उणीव पुरेशा अन्नाची आहे. महागड्या प्रथिनयुक्त डब्यांवाचूनही, रोजचे डाळ-धान्य पोटभर मिळाले तरी त्यांची वाढ सुधारते. रोजच्या ताटाला यामुळे प्रतिष्ठा मिळाली. ते ताट मुलाला आपलेसे कसे वाटेल, एवढेच उरते. मानसशास्त्रज्ञ लीन बर्च यांच्या संशोधनातून दिसले की बक्षिसाच्या लालचीने खाऊ घातलेला पदार्थ मुलांना पुढे अधिक नावडता होतो. उलट ती भाजी आवडीने खाणाऱ्या सोबत्यांत बसविले की मूल हळूहळू ती खाऊ लागते. 'भाजी संपव, मग चॉकलेट देते' हे वाक्य घरोघरी आणि पाळणाघरांत सर्रास ऐकू येते. त्याने भाजी शिक्षा ठरते आणि चॉकलेट मोक्ष!

मुलाची आवड आणि मोठ्यांचे मत यांतही भेद केला पाहिजे. तेलंगणातील अंगणवाड्यांत मुलांना अंडे मिळते. मध्य प्रदेशात मात्र २०१५ मध्ये अंड्याचा प्रस्ताव बारगळला. तेथे नकार मुलांचा नव्हता. महाराष्ट्राच्या आदिवासी भागातील अमृत आहार योजनेने अंडे न खाणाऱ्यास केळी देऊ केली. पोषणात केळे अंड्याची बरोबरी करीत नाही, हे खरे. पण खाणाऱ्याचे अंडे न हिरावता न खाणाऱ्याचा मान त्या योजनेने राखला.

शेवटी हे सारे ज्या सेविकेच्या व मदतनिसेच्या हातून व्हायचे, तिला पोषणाबरोबर नोंदी, सर्वेक्षणे आणि इतर सरकारी कामेही असतात. मुलांबरोबर मांडी घालून चार घास खाण्याइतकी सवड तिला मिळाली, तर उपदेशाची गरज निम्मी उरेल. हायटेक सिटीच्या परिसरातील पाळणाघरांनाही हेच लागू आहे. तेथे तर उणीव अन्नाची नसून सवडीचीच आहे. आग्रह सोडावा, असे आमचे म्हणणे नाही. ताज्या भाजीचा, वेळेवर शिजणाऱ्या डाळीचा आणि मुलासोबत बसण्याचा आग्रह वाढणाऱ्याने स्वतःशी जरूर धरावा. घास मात्र मुलाने आपल्या हाताने उचलावा.