सीताखाईच्या काठावर

पावसाळा सरत आला असताना आपल्या धर्मग्रामातील युवकांबरोबर तोरणमाळला जाण्याचा योग आला. शहादा सोडले, म्हसावद मागे पडले आणि जीप सातपुड्याच्या घाटाला लागली. या घाटाला सात पायरी म्हणतात. प्रत्येक वळणावर दरी अधिक खोल आणि मुलांची बडबड अधिक मोठी! (एकाला गाडी लागली, म्हणून दोन वळणे आम्ही खाली उतरून नीट पाहिली.) वर सुमारे ११५० मीटर उंचीवर यशवंत तलाव, गोरखनाथांचे मंदिर, आणि थोडे पायी चालले की सीताखाई.

सीताखाईचे कडे उभे, काळेकभिन्न. दख्खनचा हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. अशा कातळात कुठेकुठे तांबडा पट्टा आढळतो. एक थर निवला, झिजून त्याची माती झाली, मग तिच्यावर दुसरा लाव्हा पसरला आणि ती खाली दबून राहिली. हे मी मुलांना सांगत होतो. त्यांचे लक्ष अर्थातच मोबाईलकडे!

एवढ्यात पायवाटेने एक आजी सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन वर आल्या. मुलांनी वाट दिली, पण एकाने न विचारता त्यांचा फोटो काढला. मला ते खटकले आणि मी तिथेच प्रवचन सुरू केले. आपल्याला देखणी वाटणारी ही दरी त्यांच्यासाठी पाण्याची, सरपणाची, दवाखान्याची चढण आहे. याच जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. त्यांच्या कष्टाच्या वाटेवर आपण मौज करायला यावे का?

मुले गप्प झाली. आमच्यातील एक पावरा मुलगा मात्र आजींशी त्यांच्या बोलीत बोलत होता. तो म्हणाला, “आजी विचारतात, तुम्ही इतक्या लवकर का आलात? उन्हे उतरली की समोरचा कडा लाल होतो. त्या रोज मोळी टेकवून इथे बसतात.”

मी ओशाळलो. श्रीमंत मनुष्य आणि लाजरस यांचा दाखला आपण अनेकदा ऐकतो. दाराशी पडलेला माणूस त्या श्रीमंताला दिसलाच नाही. मला आजी दिसल्या, पण डोक्यावरच्या मोळीपुरत्या. गरिबाला पोट असते, हे आपण मानतो. त्याला डोळेही असतात, हे का विसरतो? दया करतानाही माणूस दुसऱ्याला लहान करू शकतो, हे मला त्या दिवशी कळले.

पण याची दुसरी बाजूही आहे. “त्यांनाही इथेच आवडते ना!” असे म्हणून रस्त्याचा आणि पाण्याचा प्रश्न मिटवून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. कडा लाल झाला म्हणून मोळी हलकी होत नाही. आणि फोटो न विचारता काढला होता, तेही खरेच. मुलाने माफी मागितली, तेव्हा आजींनी फोटो पाहायला मागितला. चेहरा नीट आला नाही म्हणून त्यांनी दुसरा काढायला लावला, हा भाग वेगळा.

एका धडधाकट मुलाने मोळी उचलून पाहिली. वीस पावलांत त्याची मान अवघडली. आजींनी हसत ती परत घेतली आणि त्या त्यांच्या दगडाकडे निघाल्या. आम्हाला थांबता आले नाही. जीपवाल्याला अंधार पडण्याआधी घाट उतरायचा होता.